काळी पट्टी आणि शून्य त्रुटी

अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत व्हर्नियर कॅलिपर हाती पडतो तेव्हा पहिले काम लांबी मोजण्याचे नसते. जबडे पूर्ण मिटवायचे, मध्ये काहीही नसताना पट्टी काय दाखवते ते पाहायचे, जी काही शून्य त्रुटी असेल ती वहीत लिहायची आणि मगच गोळीचा व्यास घ्यायचा. ही नोंद विसरणाऱ्याचे गुण कापले जातात, आणि ते योग्यच आहे. तोच विद्यार्थी दहा वर्षांनी मेंदूविज्ञानाच्या एखाद्या प्रयोगशाळेत पीएचडी करू लागतो. उंदराच्या मेंदूतले एक प्रथिन तो परदेशातून आलेल्या प्रतिपिंडाने मोजतो. ३८ किलोडाल्टनपाशी एक काळी पट्टी उमटते, तिची दाटी मोजून स्तंभालेख काढला जातो, त्यावर तारका चढतात आणि शोधनिबंध छापून येतो. मध्ये काहीही नसताना हे साधन काय दाखवते, हा प्रश्न मात्र मार्गदर्शक, परीक्षक आणि संपादक यांपैकी बहुधा कोणीच विचारलेला नसतो.

ते प्रथिन म्हणजे सिनॅप्टोफायसिन. दोन चेतापेशींमधल्या सिनॅप्सच्या अलीकडच्या टोकाशी सुमारे ४० नॅनोमीटर व्यासाच्या पुटिकांचा साठा असतो. चेतापारेषक रसायने त्यांत भरलेली असतात. संदेश आला की पुटिका पेशीपटलाला मिळते आणि रसायन बाहेर पडते. अशा एका सरासरी पुटिकेवर कोणते प्रथिन किती, याची मोजदाद जर्मनीतील गॉटिंगेनच्या शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये मांडली, तेव्हा सिनॅप्टोब्रेविनचे सुमारे ७० आणि सिनॅप्टोफायसिनचे सुमारे ३० रेणू हाती लागले. सिनॅप्टोफायसिन पुटिकेच्या पटलातून चार वेळा आरपार जाते आणि त्याची दोन्ही टोके पेशीद्रवाकडे राहतात. अमिनो आम्लांच्या अनुक्रमावरून त्याचे वजन सुमारे ३४ किलोडाल्टन निघते. शर्करेची जोड असल्यामुळे प्रत्यक्षात ते ३८ पाशी दिसते. १९८५ मध्ये दोन गटांनी ते स्वतंत्रपणे ओळखले. एका गटात राइनहार्ड यान होते, दुसऱ्यात व्हीडेनमान आणि फ्रांके. दोन्हीकडे ओळख पटवण्याचे काम प्रतिपिंडांनीच केले. हे प्रथिन आणि त्याची प्रतिपिंडे ही म्हणजे एका वयाची भावंडे.

येथे एक गोष्ट आधीच मान्य करायला हवी. सिनॅप्टोफायसिनची जुनी एकजनक प्रतिपिंडे चांगली होती आणि त्यांतली काही आजही उत्तम काम देतात. या टीकेचा रोख त्यांच्यावर नाही. परंतु त्यांनी कमावलेल्या नावाच्या छत्रीखाली आज अनेक डझन उत्पादने विकली जातात. कुठले सशाच्या रक्तद्रवातून काढलेले, कुठले उंदराच्या पेशीसंकरातून. कुठले संपूर्ण प्रथिनाविरुद्ध, कुठले शेपटीकडच्या दहावीस अमिनो आम्लांच्या तुकड्याविरुद्ध. बाटलीवरचे नाव एकच, आतला पदार्थ मात्र वेगवेगळा. त्यातच सिनॅप्टोफायसिनला भाऊबंद आहेत. सिनॅप्टोपोरिन हे त्याचे अगदी जवळचे नातेवाईक, सिनॅप्टोगायरिन थोडे दूरचे, आणि पॅन्टोफायसिन तर मेंदूबाहेरच्या ऊतींतही आढळते. प्रतिपिंड यांतल्या कोणाला चिकटले, हे काळ्या पट्टीकडे नुसते पाहून कळत नाही. पट्टी फक्त एवढेच सांगते की या वजनाच्या आसपासच्या कशाला तरी प्रतिपिंड चिकटले आहे.

हा तांत्रिक काथ्याकूट कशासाठी, असे कोणी विचारील. याचे कारण मेंदूच्या रोगांवरील संशोधनात सापडते. १९९१ मध्ये रॉबर्ट टेरी आणि सहकाऱ्यांनी अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूंत सिनॅप्टोफायसिनच्या प्रतिपिंडाचा आधार घेऊन दाखवले की बुद्धीच्या ऱ्हासाशी सर्वांत घट्ट नाते सिनॅप्सच्या घटीचे आहे. तेव्हापासून 'सिनॅप्टोफायसिन कमी म्हणजे सिनॅप्स कमी' हे समीकरण रूढ झाले. या समीकरणावर भारतात एक ठरीव साच्याचा शोधनिबंध उभा राहतो. उंदरांना एखादे विष देऊन त्यांची स्मृती बिघडवायची; निम्म्यांना ब्राह्मी, अश्वगंधा किंवा हळदीतला कुठलासा अर्क पाजायचा; मग हिप्पोकॅम्पस काढून सिनॅप्टोफायसिनची पट्टी पाहायची. अर्क घेतलेल्यांची पट्टी गडद निघाली की निष्कर्ष तयार: अर्काने सिनॅप्स वाचवले. पुढे हाच निष्कर्ष वर्तमानपत्रात 'स्मृतिभ्रंशावर भारतीय वनस्पतीचा उतारा' होतो आणि तिथून औषधाच्या दुकानातल्या बाटलीवर पोहोचतो. घरात स्मृती हरवत चाललेली आई असलेला माणूस ती बाटली विकत घेतो. त्या बाटलीपासून मागे चालत गेले तर साखळीची पहिली कडी कधी न तपासलेल्या १०० मायक्रोलिटर द्रवाची असू शकते.

शिवाय प्रतिपिंड अगदी निर्दोष असले तरी ही उडी मोठीच आहे. पट्टी प्रथिनाची, अनुमान सिनॅप्सचे. सिनॅप्सची संख्या तेवढीच राहून प्रत्येकातल्या पुटिका कमी झाल्या तरी पट्टी फिकट होईल. जिथे दुसऱ्याच पायरीवर एवढा संशय आहे, तिथे पहिली पायरी तरी पक्की असायला नको का?

पहिली पायरी पक्की करण्याचा मार्ग साधा आहे आणि तो व्हर्नियरचाच आहे: जिथे ते प्रथिन नाही हे ठाऊक आहे तिथे प्रतिपिंड गप्प राहते का ते पाहायचे. सिनॅप्टोफायसिनच्या बाबतीत तर निसर्गाने विलक्षण उदारता दाखवली आहे. या प्रथिनाचे जनुक पूर्ण काढून टाकलेले उंदीर जगतात, वाढतात, पिल्लेही देतात. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून ते उपलब्ध आहेत. म्हणजे शून्याची खूण अस्तित्वात आहे. ती किती पुरेल याचा ठोकळ हिशेब करू. उंदराचा मेंदू साधारण ०.४ ग्रॅमचा, त्यात प्रथिने दहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ४० मिलिग्रॅम. एका मार्गिकेला २० मायक्रोग्रॅम लागतात. तयारीत निम्मे वाया गेले असे धरले तरी एका मेंदूतून हजार मार्गिका निघतात. जनुक काढलेल्या एका उंदराचा मेंदू देशभरातल्या प्रयोगशाळांना कित्येक वर्षे पुरेल. ज्यांना उंदीर मिळत नाही त्यांच्यासाठी पीसी-१२ सारख्या पेशी आहेत. त्यांत हे प्रथिन असते आणि क्रिस्परने ते काढून टाकता येते. आणि ज्यांच्याकडे यांपैकी काहीच नाही त्यांनी निदान मेंदूच्या शेजारी यकृताची एक मार्गिका चालवावी. यकृतात सिनॅप्टोफायसिन नसते. तिथे ३८ पाशी पट्टी दिसली तर प्रतिपिंड खोटे बोलत आहे हे त्याच दिवशी कळेल. दिसली नाही म्हणून ते खरे ठरत नाही, कारण सिनॅप्टोपोरिनही मेंदूतच असते. तरीही ती एक मार्गिका बहुतेक चित्रांत नसते. मेलेल्या उंदराचे यकृत प्रयोगशाळा कचऱ्यात टाकते.

ही काळजी काल्पनिक नाही. २०१५ मध्ये ब्रॅडबरी आणि प्लुकथून यांनी शंभरांहून अधिक शास्त्रज्ञांच्या सह्यांसह 'नेचर'मध्ये मागणी केली की संशोधनात वापरायच्या प्रतिपिंडांचा अनुक्रम जाहीर असावा आणि ती पुनर्संयोजित पद्धतीने, म्हणजे त्या अनुक्रमावरून पेशींत नव्याने तयार करून, बनवली जावीत. २०१७ मध्ये इस्ट्रोजेन रिसेप्टर बीटाची १३ प्रतिपिंडे तपासली गेली, त्यांतले एकच खरे निघाले. त्या प्रथिनावर तोवर वीस वर्षांचे वाङ्मय साचले होते. २०१८ मध्ये १८५ पेशीसंकरांची जनुके वाचली गेली, तेव्हा ५९ मध्ये अपेक्षेपेक्षा जास्तीच्या साखळ्या सापडल्या. याचा अर्थ 'एकजनक' म्हणून विकले जाणारे प्रतिपिंड दर तिसऱ्या वेळी मिसळीचे असू शकते. आणि २०२३ मध्ये कॅनडातील मॉन्ट्रियल येथे केंद्र असलेल्या 'वायकॅरॉस' या उपक्रमाने मेंदूविज्ञानाशी संबंधित ६५ प्रथिनांसाठीच्या ६१४ प्रतिपिंडांचा निकाल प्रसिद्ध केला. रीत तीच: एकीकडे साध्या पेशी, दुसरीकडे जनुक काढलेल्या पेशी, आणि दोन्हींवर तेच प्रतिपिंड. चांगली बातमी अशी की निम्म्याहून अधिक प्रथिनांसाठी बाजारात किमान एक उत्तम प्रतिपिंड आहे, आणि पुनर्संयोजित प्रतिपिंडे इतरांपेक्षा सरस ठरली. वाईट बातमी अशी की नापास प्रतिपिंडांवर आधारलेली माहिती दर प्रथिनामागे सरासरी बारा शोधनिबंधांत आधीच छापली गेली होती. निकाल पाहिल्यावर उत्पादकांनी अपेक्षेला न उतरलेल्यांपैकी सुमारे २० टक्के विक्रीतून काढली आणि सुमारे ४० टक्क्यांच्या शिफारशी बदलल्या. उत्पादकांनाही आपला माल पूर्णपणे ठाऊक नव्हता, याची एवढी सरळ कबुली क्वचितच मिळते.

'या प्रतिपिंडाचा दाखला शेकडो निबंधांत आहे' हे समर्थन या निकालानंतर टिकत नाही. दाखल्यांची संख्या लोकप्रियता सांगते. चुकीची मोजपट्टी शंभर जणांनी वापरली तर शंभर मापे चुकतात, आणि सगळी एकमेकांशी जुळतात हे त्यातले खरे भय.

दुसरे समर्थन गरिबीचे असते: श्रीमंत देशांना हे चोचले परवडतात. हे समर्थन तर उलटेच लागू पडते. अशा एका बाटलीला भारतात साधारण तीस ते पन्नास हजार रुपये पडतात. बर्फात गुंडाळून ती विमानाने येते, सीमाशुल्काच्या गोदामात कधीकधी बर्फ वितळेपर्यंत थांबते, आणि संशोधकाच्या हाती पडते तोवर कित्येक आठवडे गेलेले असतात. राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्केच संशोधनावर खर्च करणाऱ्या देशाला निकामी बाटली परवडत नाही. ज्याच्या खिशात एकच नोट असते तो ती उजेडात धरून पाहतो.

आणि शिस्त येथे अशक्य आहे असेही नाही. हेच सिनॅप्टोफायसिनचे प्रतिपिंड देशातल्या मोठ्या रुग्णालयांतील विकृतिशास्त्र विभागांत रोज वापरले जाते, कारण चेता-अंतःस्रावी अर्बुदांचे निदान त्यावर अवलंबून असते. तेथे रुग्णाच्या ऊतीसोबत ज्ञात ऊतींचे कापही रंगवतात. आंत्रपुच्छातल्या चेतातंतूंना रंग यायलाच हवा, स्नायूंना येता कामा नये. अपेक्षेप्रमाणे झाले नाही तर जबाबदार विकृतितज्ज्ञ अहवालावर सही करत नाही. नवी बाटली आली की जुनीशी ताडून पाहतात. मानांकन हवे असेल तर बाहेरच्या तपासणीला सामोरे जावे लागते. एकाच शहरात, कधी एकाच आवारात, एका इमारतीत हे प्रतिपिंड इतक्या काटेकोरपणे वागवले जाते आणि शेजारच्या संशोधन इमारतीत त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला जातो. फरक एवढाच की पहिल्या इमारतीत चूक झाली तर एका नाव असलेल्या रुग्णाचे नुकसान होते. दुसरीतल्या चुकीचे नुकसान हजारो निनावी लोकांत वाटले जाते, म्हणून ते कोणाच्या डोळ्यांत येत नाही.

आता धोरणाकडे. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात प्रयोगशाळेतील रसायनांवरचे सीमाशुल्क १० टक्क्यांवरून १५० टक्के झाले, तेव्हा देशातला वैज्ञानिक समाज खडबडून जागा झाला आणि ऑगस्टच्या पहिल्या दिवशीच प्रत्यक्ष वापरकर्त्यांसाठी ते मागे घेतले गेले. जून २०२५ मध्ये सर्वसाधारण वित्तीय नियम शिथिल झाले: विशेष उपकरणे आणि उपभोग्य साहित्य जेम पोर्टलबाहेर घेण्याची मुभा संस्थाप्रमुखांना मिळाली, दरपत्रकाविना खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाखांवर गेली आणि खरेदी समितीची १० लाखांवरून २५ लाखांवर. दोन्ही वेळचा आनंद रास्त होता. सर्वांत कमी बोली लावणाऱ्याकडून 'समतुल्य' प्रतिपिंड घेण्याची सक्ती हा विज्ञानाचा अपमानच होता. अनुक्रम गुप्त असलेल्या दोन द्रवांना समतुल्य ठरवण्याचा अधिकार लेखापालाला कोणत्या शास्त्राने दिला, हे कोडेच आहे. पण नियम सैल झाल्यावरही सगळी चर्चा बाटली किती लवकर आणि किती स्वस्त आली यावरच थांबली. बाटलीत काय आले, हे कोणी विचारले नाही. लेखापालाचा अडथळा दूर झाल्यावर हा प्रश्न विचारण्याची जबाबदारी पूर्णपणे शास्त्रज्ञांवर येते, आणि तिथे गेले वर्षभर शांतता आहे.

या देशाने मापनाची किंमत ओळखलेली नाही असे म्हणता येणार नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने किलोग्रॅमची ५७ क्रमांकाची प्रत अनेक दशके जिवापाड जपली. मंडईतल्या भाजीवाल्याच्या वजनमापांवर वैधमापन विभागाचा शिक्का ठरावीक मुदतीने मारून घ्यावा लागतो, नाहीतर दंड होतो. अर्धा किलो भेंडी मोजणाऱ्याला जो नियम लागू आहे तो मेंदूतले प्रथिन मोजणाऱ्याला लागू नाही.

क्षमतेचे म्हणाल तर परिस्थिती जवळजवळ विनोदी आहे. डॉ. रेड्डीज या हैदराबादच्या कंपनीने २००७ मध्ये रिटुक्सिमॅब हे एकजनक प्रतिपिंड स्वतः बनवून बाजारात आणले. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटने रेबीजविरुद्धचे एकजनक प्रतिपिंड औषध म्हणून आणले. घोड्यांच्या रक्तद्रवातून सर्पविषावरची प्रतिपिंडे काढण्याची परंपरा तर मुंबईच्या हाफकिन संस्थेत पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. रुग्णाच्या शिरेत टोचण्याच्या शुद्धतेची प्रतिपिंडे जो देश मोठ्या प्रमाणावर बनवतो, तोच देश काचेवर किंवा पडद्यावर टाकायचे काही मायक्रोग्रॅम समुद्रापलीकडून मागवतो. संशोधनाच्या प्रतिपिंडांत नफा कमी, प्रकार फार आणि गिऱ्हाईक विखुरलेले, हे खाजगी उद्योगाचे गणित समजण्यासारखे आहे. अशाच ठिकाणी सार्वजनिक पैशाने उतरायचे असते.

उतरणे फार अवघडही नाही. प्रतिपिंडाची ओळख ठरवणारा भाग दोन साखळ्यांच्या टोकांशी असतो, प्रत्येकी सव्वाशेच्या आत-बाहेर अमिनो आम्लांचा. तो अनुक्रम एकदा हाती आला की जनुक बांधून घेता येते, मानवी मूळ असलेल्या एचईके पेशींत प्रतिपिंड काढता येते, आणि ते दर वेळी तेच असते. ससा मेला, पेशीसंकर बिघडला, कंपनी विकली गेली, या कशाचीही भीती उरत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील जेम्स ट्रिमर यांच्या गटाने मेंदूविज्ञानातल्या आपल्या पेशीसंकरांचे असेच रूपांतर केले आणि त्यांची जनुके सर्वांसाठी खुली ठेवली. मिल्स्टीन आणि कोहलर यांनी १९७५ मध्ये पेशीसंकराची युक्ती शोधली तेव्हा तिचे पेटंट घेतले गेले नव्हते, हे आज मुद्दाम आठवायला हवे, कारण त्याच युक्तीतून निघालेल्या असंख्य प्रतिपिंडांचे अनुक्रम आता व्यापारी गुपित म्हणून कुलपात आहेत.

पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्सकडे देशाचे पेशीभांडार आहे. मानेसरला राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे, बंगळूरला निमहान्सची मानवी मेंदूपेढी आहे. जनुक काढलेल्या पेशी पुण्यात वाढवाव्यात, मेंदूच्या कापांवरची तपासणी मानेसर-बंगळूरला व्हावी, आणि भारतात सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या शंभर प्रतिपिंडांचा निकाल पास-नापासासकट जाहीर करावा, यात कल्पनाशक्तीला ताण देणारे काही नाही. नव्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनने अनुदानाच्या अर्जात एक रकाना ठेवावा: प्रतिपिंडाचा कॅटलॉग क्रमांक, खेप क्रमांक, आणि ते प्रथिन नसलेल्या नमुन्यात ते गप्प राहते याचा पुरावा. तपासणीचा खर्च अनुदानात वेगळा धरावा. आज तो कुठल्याच शीर्षाखाली बसत नाही, आणि ज्या कामाला शीर्ष नाही ते काम पीएचडीच्या पाच वर्षांत कोणी करत नाही. विद्यार्थ्याने सहा महिने घालवून प्रतिपिंड नापास ठरवले तर त्याच्या हाती निबंध लागत नाही. न तपासता पट्टी मोजणाऱ्याच्या हाती दोन लागतात. या हिशेबाचा दोष विद्यार्थ्याकडे जात नाही. तो हिशेब मांडणाऱ्या समित्यांकडे जातो, आणि त्या समित्यांवर बसणाऱ्या अनेकांची बढती अशाच पट्ट्यांवर झालेली आहे हे अवघड सत्यही त्यातच येते.

तोवर एक गोष्ट अनुदानाविना, परवानगीविना आणि याच सत्रात होऊ शकते. प्रबंधाची मौखिक परीक्षा खुली असते. सभागृहात मागच्या बाकावर बसलेल्या एमएस्सीच्या कोणाही मुलीला हात वर करता येतो. पडद्यावर सिनॅप्टोफायसिनची पट्टी आणि तारका लावलेला स्तंभालेख आला की तिने इतकेच विचारावे, की यकृताची मार्गिका कुठे आहे, आणि बाटलीचा खेप क्रमांक काय होता.